गॅलरीतील राघू

मनुष्य केवळ हौसेखातर जे पाखरू किंवा जनावर घरी बाळगतो, त्याचा इतिहास लिहिण्याकडे आपला फारसा कल नाही. गाय, बैल, घोडा ह्यांचा इतिहास लिहिला जातो. कारण त्यांच्यावाचून शेती, दळणवळण वा युद्ध चालत नसे. हौसेच्या प्राण्याचे तसे नाही. तो आला म्हणून राज्ये उभी राहत नाहीत आणि गेला म्हणून उलथत नाहीत. तथापि एखाद्या समाजाचे घर कसे होते, त्याच्यापाशी फुरसत किती होती, दयेविषयीच्या त्याच्या कल्पना काय होत्या, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने त्या समाजाच्या पिंजऱ्यात एकवार डोकावून पाहावे, असे आम्हांस वाटते. गरजेची वस्तू मनुष्य नाइलाजाने घेतो. हौसेची वस्तू तो निवडतो, आणि निवडीत मन उघडे पडते.

मुंबईतील मराठी वस्तीपुरते बोलावयाचे, तर गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील घरांत हौसेचा पक्षी म्हणून ज्याचा अंमल दीर्घ काळ चालला, तो पोपट होय. चाळीच्या गॅलरीत छपराच्या वाशाला टांगलेला तारांचा घुमटाकार पिंजरा, त्यात पत्र्याची वाटी, वाटीत भिजलेली हरभऱ्याची डाळ आणि तारांत खोवलेली हिरवी मिरची, हे चित्र कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. आज तसा पिंजरा कोठे टांगलेला आढळलाच, तर त्यात बहुधा निळे-पिवळे परदेशी पक्षी असतात. कित्येक घरांत पिंजऱ्याची जागा काचेच्या पेटीने घेतली आहे. आणि पोपट असलाच तर तो आल्यागेल्याच्या नजरेआड ठेविलेला असतो. लोकांच्या आवडीतून पोपट उतरला, एवढे म्हणून पुष्कळजण हा विषय मिटवितात. आमच्या मते ते खरे नाही. पोपटाचे गुण शंभर वर्षांपूर्वी जे होते तेच आज आहेत. बदलले ते त्याच्या भोवतीचे घर, त्याला घरापर्यंत आणणारा बाजार, आणि त्या दोहोंवर नजर ठेवणारा कायदा. ह्या तिघांचा मागोवा घेतला म्हणजे ह्या हौसेचा चढउतार कळतो. आणि त्याबरोबरच एक प्रश्न उभा राहतो. पोपट पिंजऱ्यातून सुटला तेव्हा आपण दयाळू झालो, की केवळ पिंजऱ्यातील कैदी बदलला?

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. हिरवे अंग, लाल आकडेबाज चोच, शरीराहून लांब भासणारी निमुळती शेपटी. नराच्या गळ्याभोवती काळ्या व गुलाबी रंगाची कडी असते, तिलाच लोक कंठ म्हणतात. मादीस ती नसते. हा कंठ नराला सुमारे तिसऱ्या वर्षी फुटतो, त्यामुळे बाजारातून आणलेले पिलू राघू आहे की मैना ह्याचा वाद घरात दोन-तीन वर्षे सुखाने चालू शके. ह्या जातीचे शास्त्रीय वर्णन स्कोपोली ह्या पंडिताने इ. स. १७६९ मध्ये केले. ह्याचाच थोरला भाऊ म्हणजे खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पोपट. बाजारात तो ‘पहाडी’ ह्या नावाने विकला जाई, आणि युरोपीय लोकांनी त्यास शिकंदर बादशहाचे नाव दिले आहे. मुंबईच्या चाळीतला सामान्य पोपट मात्र पहिला. तो रानातला तसाच गावातलाही पक्षी आहे. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घर करतो, थव्याने चरतो, थव्याने उडतो, आणि संध्याकाळी शेकड्यांनी एकाच झाडावर वस्तीस येतो. हा थवा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथेचे मर्म त्यात आहे.

पोपट पाळण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत शुकसारिकांना बोलावयास शिकविणे ही एक कला आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील कथेचा मोठा भाग वैशंपायन नावाचा पोपटच राजाला सांगतो. ‘शुकसप्तती’तील पोपट रोज रात्री गोष्ट सांगून घरधनिणीला घराबाहेर पडू देत नाही, तीच परंपरा मराठीत ‘शुकबहात्तरी’ ह्या रूपाने उतरली. ग्रीक वैद्य क्टीसियस ह्याने ख्रिस्ती शकापूर्वी सुमारे चारशे वर्षांच्या सुमारास मनुष्यवाणी बोलणाऱ्या हिंदी पक्ष्याचे वर्णन लिहून ठेविले. परंतु ह्या साऱ्या साहित्यातील पोपट बहुधा राजाच्या सभेत, राणीच्या अंतःपुरात अथवा सावकाराच्या वाड्यात नांदणारा आहे. तो दहा फूट औरसचौरस खोलीत राहणाऱ्या कारकुनाच्या व गिरणीकामगाराच्या दारात येऊन बसला, ही मुंबईची करणी होय.

ती कशी घडली हे पाहावयाचे तर बाजाराकडे वळले पाहिजे. इ. स. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि पुढील दहा-बारा वर्षांत लोहमार्ग बोरघाट व थळघाट चढून देशावर पोचला. गाडीबरोबर कापूस आला, धान्य आले, माणसे आली. टोपल्यांत व खुराड्यांत घातलेली पाखरेही आली. इ. स. १८६९ मध्ये महापालिकेचे आयुक्त आर्थर क्रॉफर्ड ह्यांच्या नावाची मंडई उभी राहिली. तिचा आराखडा विल्यम एमर्सन ह्याचा. दर्शनी भागावरील कोरीव काम आणि आतील कारंजे सर ज. जी. कलाशाळेतील अध्यापक लॉकवूड किपलिंग ह्याचे. ह्याच किपलिंगने पुढे १८९१ मध्ये हिंदुस्थानातील माणसे व जनावरे ह्यांच्या परस्परसंबंधांवर एक ग्रंथ लिहिला. क्रॉफर्ड मार्केटात फळे, भाजी व मांस ह्यांच्या शेजारी जिवंत पशुपक्ष्यांची दुकाने थाटली गेली, आणि आज महात्मा जोतिबा फुले मंडई असे नाव धारण केल्यावरही मुंबईकराच्या मनात पाखरू विकत घेण्याचे ठिकाण म्हणून तीच पहिली येते. लाल मुनिया, बुलबुल, तितर, मैना असे नाना पक्षी तेथे विकले गेले. त्यांपैकी मुनियेचे इंग्रजी नाव तर अहमदाबाद ह्या शब्दाचा अपभ्रंश आहे. त्या शहरातून ती परदेशी जात असे. परंतु बोलणारा, स्वस्त आणि चिवट, हे तीन गुण एकत्र असलेला पक्षी पोपटच.

आता घराकडे येऊ. इ. स. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधारणा-मंडळ स्थापन झाले व दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागी नव्या वसाहतींची आखणी झाली. गिरगावात चाळी आधीपासून होत्याच. गिरण्यांच्या आसऱ्याने परळ-लालबागेत त्या वाढल्या. आणि १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या, ज्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची. चाळ लहान असो की मोठी, तिची रचना एकच. खोल्यांची रांग आणि तिच्यापुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी सामाईक गॅलरी. खोली कुटुंबाची, गॅलरी सर्वांची. खोलीत पिंजऱ्यास जागा नव्हती. म्हणून पिंजरा गॅलरीत आला, आणि गॅलरीत येताच तो एका घराचा राहिला नाही.

ह्या गोष्टीचे महत्त्व आम्हांस फार वाटते. पोपट हा थव्याचा पक्षी. एकट्या पोपटास कोणी बोलावयास नसले तर तो ओरडून घर डोक्यावर घेतो, किंवा उदास होऊन स्वतःची पिसे उपटीत बसतो. रानातला थवा त्याच्यापासून हिरावला होता. पण चाळीने त्यास दुसरा थवा दिला. पहाटे नळावर पाणी भरणाऱ्या बायका, आठाच्या भोंग्याकडे कान ठेवून निघालेले कामगार, शाळेस जाणारी मुले, दुपारी तांदूळ निवडीत बसलेल्या आज्या, संध्याकाळी कठड्याला टेकून वर्तमानपत्र वाचणारे कारकून, रात्री भजनास निघालेली मंडळी, असा दिवसभराचा राबता त्याच्या डोळ्यांसमोरून जाई. जाणारा प्रत्येकजण त्याला काहीतरी म्हणे. ‘विठू विठू’ हा पहिला धडा सगळीकडे सारखा. त्यानंतर ज्या घरी जशी माणसे तशी पोपटाची वाणी. माळकऱ्याचा पोपट रामकृष्णहरि म्हणे, तर कोठे तो मुलाला हाक मारताना आईचा त्रासिक सूर नेमका उचली. पेरूची फोड कोणी आणून दिली, डाळिंबाचे दाणे कोणी, ह्याचा हिशेब नसे. मालक गावी गेला तर पोपटाला शेजारी होते. पंचवीस-तीस वर्षे जगणारा हा पक्षी एकाच कुटुंबात मुलाची मुंज, मुलीचे लग्न आणि नातवाचे बारसे पाहू शके, व पहिल्या मालकाच्या पश्चात दुसऱ्या पिढीकडे वारसाहक्काने जाई. त्याची लोकप्रियता ज्या वातावरणात बहरली ते हे होते.

परंतु ह्या प्रेमळ चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चाळीतला पोपट चाळीत जन्मलेला नव्हता. ह्या जातीची वीण साधारणपणे पौषापासून चैत्र-वैशाखापर्यंत चाले. त्या दिवसांत झाडांवर चढून ढोल्यांतून पिले काढली जात. बोलणे शिकवावयाचे तर पक्षी लहानपणीच माणसाळला पाहिजे, म्हणून पिसेही पुरती न फुटलेल्या पिलांना मागणी. ढोलीचे तोंड अरुंद असले तर ती फोडली जाई, आणि पुढील वर्षी तेथे दुसऱ्या जोडप्याला घर करता येत नसे. वाटेत मेलेली पिले गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत नसत. त्याला दिसे ते टोपलीत उरलेले, चोच वासून अन्न मागणारे, म्हणून अधिकच गोड भासणारे एक पिलू. घरी आल्यावर त्याचे पंख कातरले जात. नुसती डाळ व मिरची खाऊन त्यास अ जीवनसत्त्वाची वाण पडे, हे पशुवैद्य आज सांगतात. प्रेमाने भरविणाऱ्या आजीला ते कोण सांगणार? आणि विसंगती अशी की, जे मराठी कुटुंब मुंबईत राघूला डाळिंब सोलून देई, त्याचेच गावाकडचे भाऊबंद ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफणीने त्याच राघूंचे थवे हाकीत असत. एकटा पोपट लाडका, थवा वैरी!

मुंबईत दयेची कमतरता होती असे मात्र कोणी म्हणू नये. रस्त्यावरील कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ मध्ये ह्या शहरात दंगल झाली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी गिरगावच्या शेजारी भुलेश्वरास पांजरापोळ उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभाई हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. इ. स. १८७४ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले व १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आजही संक्रांतीच्या सुमारास पतंगाच्या मांज्याने कापलेली पाखरे त्याच रुग्णालयात आणली जातात. पण ह्या दयेची दृष्टी चाबूक, जखम व उपासमार ह्यांवर खिळलेली होती. वेळेवर दाणापाणी मिळणारा, कोणी न मारलेला, सर्वांचा लाडका पोपट दयेस पात्र आहे, ही कल्पनाच त्या काळच्या सज्जनास सुचत नव्हती. इ. स. १८८७ व १९१२ चे रानपाखरांविषयीचे कायदेही मुख्यतः शिकारीचे पक्षी आणि पिसांसाठी मारले जाणारे पक्षी ह्यांची चिंता वाहणारे होते.

नवी दृष्टी आली ती दुसऱ्याच दाराने. इ. स. १८८३ मध्ये आठ निसर्गप्रेमी मुंबईकरांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी गिरगावच्या खेतवाडीत मामाच्या घरी वाढणाऱ्या एका अनाथ मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारावयास तो सोसायटीच्या कचेरीत गेला, आणि तेथील मिलर्ड साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यासमोर उघडली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांचे हिंदी पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पक्षी पाहणे ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पक्ष्याजवळ जावयाचे तर तो आपल्याजवळ आणलाच पाहिजे असे नाही, हा विचार शहराच्या मनात रुजावयास ह्या पुस्तकाने व त्या परंपरेने मोठे साह्य केले. मुंबईच्या पोपटाचा पहिला मुक्तिदाता कोणी कायदेपंडित नसून दुर्बीण आहे, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि पोपट गॅलरीतून हटला तो एकट्या दुर्बिणीमुळे नव्हे. इ. स. १९५१ मध्ये चौपाटीनजीक तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि काचेआड पोहणाऱ्या रंगीत माशांनी मुंबईच्या मुलांना वेड लाविले. मासे ओरडत नाहीत, शेजाऱ्यांच्या झोपा मोडीत नाहीत, चार दिवस कुलूप लावून गेले तरी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. दादर व माटुंग्याच्या ज्या घरांत ब्लॉकसंस्कृती आली, त्या घरांना हा पाहुणा सोयीचा होता. हळूहळू चाळींतही गॅलऱ्या जाळ्या लावून बंद झाल्या, दारे दिवसा मिटू लागली, नवरा-बायको दोघेही नोकरीस जाऊ लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपाने परळ-लालबागचे दैनिक जीवनच विस्कटले. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले होते, आणि त्यांपैकी असंख्यांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. पुढे गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. इ. स. २०२५ मध्ये वरळीच्या विकास खात्याच्या चाळींतील पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली. म्हणजे घर तिपटीने वाढले. आता पिंजरा ठेवावयास खोलीत जागा आहे. परंतु सामाईक गॅलरी गेली, आणि तिच्याबरोबर तो माणसांचा थवा गेला. ज्याला दिवसाचे दहा तास बंद घरात एकटे बसावयाचे आहे, असा पोपट कोणाही संवेदनशील माणसाला सुखाचा वाटणार नाही. जागेच्या टंचाईने पोपट घालविला नाही. शेजाराच्या टंचाईने घालविला.

कायदा आला तो अशा वेळी, जेव्हा घर आधीच बदलू लागले होते. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणासाठी कायदा केला. १९६० च्या केंद्रीय कायद्याने, प्राण्यास हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा ठरविला. आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या चौथ्या परिशिष्टात पोपटांचा समावेश होता. पुढे १९९०-९१ मध्ये भारतीय जातींच्या पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली. इ. स. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची नव्याने मांडणी केली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि पोपट दुसऱ्या परिशिष्टात गेला. मे २०१५ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तर एका आदेशात, आकाशात उडणे हा पक्ष्यांचा मूलभूत हक्क आहे, असे मत नोंदविले. वैशंपायन पोपटाला ही वार्ता कळती तर त्याने ‘कादंबरी’त आणखी एक प्रकरण घातले असते!

कायद्याची भाषा निःसंदिग्ध आहे; व्यवहार तसा नाही. आपल्या आजोबांनी उघड्यावर टांगलेला पिंजरा आपल्यासाठी गुन्हा कसा झाला, हे अनेक कुटुंबांना अजून उमगलेले नाही. चोरून विक्री चालते, छापे पडतात, पिले जप्त होतात. आणि सर्वांत करुण प्रकार असा की, कायद्याचे नाव ऐकून घाबरलेले, किंवा पुण्य जोडू इच्छिणारे लोक वर्षानुवर्षे पाळलेला पोपट एके सकाळी गॅलरीतून उडवून देतात. ज्याने कधी अन्न शोधले नाही, घार वा मांजर ओळखली नाही, ज्याचे पंख दुबळे झाले आहेत, त्यास हे स्वातंत्र्य म्हणजे देहदंड होय. असा पक्षी वनखात्याकडे किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेकडे सोपविणे हाच खरा मार्ग. जे प्रेमाने हिरावून घेतले ते एका क्षणाच्या उदारपणाने परत करता येत नाही, हे ह्यातून शिकावयाचे.

पोपटाची रिकामी झालेली जागा कोणी घेतली? मुख्यतः ऑस्ट्रेलियातील बजरीगर ह्या चिमुकल्या पोपटाने. शॉ ह्या शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये त्याचे वर्णन केले. गूल्ड ह्याने १८४० मध्ये जिवंत जोडी इंग्लंडात नेली. आणि मूळचा हिरवा पक्षी पिंजऱ्यातील पैदाशीतून निळा, पिवळा, पांढरा झाला. मुंबईच्या बाजारात त्यास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, जरी त्या नावाचे खरे धनी आफ्रिकेत राहतात. हा पिंजऱ्यातच अंडी घालतो, पिंजऱ्यातच पिले वाढवितो. म्हणून त्याच्यासाठी रानातली ढोली फोडावी लागत नाही, आणि आपला देशी पक्षी नसल्यामुळे आपल्या कायद्याचा वन्यपक्ष्यांविषयीचा निर्बंध त्यास लागू पडला नाही. नैतिक दृष्ट्या ही सुधारणा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हौस एकदा परदेशी वस्तूची चव चाखू लागली म्हणजे तेथेच थांबत नाही. आफ्रिकेतील करडा पोपट, दक्षिण अमेरिकेतील मकाव, इग्वाना नावाची मोठी पाल, अजगर, अशी तिची चढण आहे. करड्या पोपटाची रानातील संख्या इतकी घटली की २०१६ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक परिषदेने त्याच्या व्यापारावर कडक बंधने घातली. आपल्या सरकारने २०२० मध्ये अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करण्याची मुभा दिली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, आंतरराष्ट्रीय संरक्षण असलेल्या जातींच्या नोंदणीचे नियम बंधनकारक केले.

आपला पोपट जसा मुंबईत दुर्मीळ कैदी झाला, तसेच आपले दुसरे जीव परदेशी हौशी लोकांच्या घरी लोकप्रिय झाले आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. मुंबईहून मद्रासेस जाणाऱ्या लोहमार्गावर आंध्रात गुत्ती हे स्थानक आहे. तेथील रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत एक मोठा, केसाळ, निळ्या रंगाचा कोळी सापडला, आणि पोकॉक ह्या शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे तो कोणास दिसला नाही. २००१ च्या सुमारास तो पूर्वघाटातील जंगलात पुन्हा आढळला, आणि अल्पावधीतच युरोप-अमेरिकेतील कोळी पाळणाऱ्यांच्या काचपेट्यांत पोचला. आज तो तेथे पेटीतच पैदास होणारा सामान्य पाळीव कोळी आहे, आणि आपल्या रानात मात्र नामशेष होण्याच्या कडेला उभा आहे. इ. स. २०१९ मध्ये त्याच्या साऱ्या गणाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. पोपट असो वा कोळी, नियम एकच: जो जीव जितक्या सहज घरी आणता येतो, तितक्या लवकर त्याचे रानातले घर विसरले जाते.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. आपला हाच कंठवाला पोपट पिंजऱ्यांतून इंग्लंडात गेला, कोठे निसटला, कोठे सोडला गेला, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील उघड्या हवेत वीण करू लागला. आज लंडनच्या बागांत त्याचे हजारोंचे थवे आहेत, आणि ते इतर पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतात म्हणून तेथील लोक काळजी करतात. गोफण घेऊन उभा असलेला आपला शेतकरी त्यांची काळजी चांगली समजू शकेल.

आणि मुंबईत? भाषेत पोपट अजून ठाण मांडून आहे. घोकंपट्टीला आपण पोपटपंची म्हणतो. ज्याची फजिती होते त्याचा मुंबईकर ‘पोपट’ करतो. अप्रिय बातमी सांगावयाची नसली की राजाच्या मेलेल्या पोपटाची गोष्ट आठवते. पिंजरा गेला तरी म्हण राहिली. पण त्याहून मोलाची गोष्ट ही की, पक्षीही राहिला. राणीच्या बागेतील जुन्या पर्जन्यवृक्षांवर, दादर-माटुंग्याच्या सावलीच्या रस्त्यांवर, गिरगावातील उरल्यासुरल्या मोठ्या झाडांवर तीक्ष्ण किंकाळी फोडीत हिरवे थवे आजही उतरतात. त्यांना एका गोष्टीची गरज आहे, ती म्हणजे ढोल्या असलेली म्हातारी झाडे. रस्तारुंदीत किंवा पुनर्बांधणीत असे एक झाड पडले म्हणजे पूर्वी एका पिलेचोराने जे केले असते त्याहून अधिक नुकसान होते. आणि त्या कामी कोणाचीही दया जागी होत नाही, कारण तेथे पिंजरा दिसत नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आमचे मत असे. पोपटाची सुटका ही आपल्या दयेची पूर्ण जीत नव्हे. तीत कायद्याचा धाक आहे, बंद दारांचा एकलकोंडेपणा आहे, आणि स्वस्त परदेशी पाखरांचा पर्यायही आहे. परंतु अपूर्ण कारणांनी घडलेली चांगली गोष्टही चांगलीच असते. चाळीतल्या आजीचे प्रेम खोटे नव्हते. त्या प्रेमाला पक्ष्याची दुसरी बाजू ठाऊक नव्हती, इतकेच. आपल्याला ती ठाऊक आहे, आणि म्हणून आपली जबाबदारी तिच्याहून मोठी. मुलाने पाखरू मागितले तर त्याला पिंजरा आणून देण्यापूर्वी एकदा संध्याकाळी जवळच्या मोठ्या झाडाखाली घेऊन जावे, आणि थवा वस्तीस येतो तो दाखवावा. त्यानंतरही त्याने पिंजराच मागितला तर गोष्ट निराळी. पण बहुतेक मुले त्या झाडाचीच चौकशी करू लागतील, असा आमचा विश्वास आहे.